घरी बांधायच्या अल्ट्रालाइट विमानाचा आराखडा कसा पारखावा

घरी अल्ट्रालाइट विमान बांधू पाहणाऱ्याचा पहिला खर्च आराखड्याचा असतो आणि एकूण हिशेबात तो बहुधा सर्वांत लहान ठरतो. पुढे इंजिन, धातू, लाकूड, कापड आणि दोन-चार वर्षांच्या सुट्ट्या यांवर जे काही खर्च होणार असते, ते सगळे या कागदांच्या गठ्ठ्यावर अवलंबून असते. तरीही अनेक जण विमानाचे देखणे छायाचित्र पाहून आराखडा मागवतात आणि तो पारखण्याचे काम निम्मा सांगाडा उभा राहिल्यावर सुरू करतात. हे पारखणे आधी करता येते. त्यासाठी वैमानिकी अभियंता असण्याची गरज नाही. गणकयंत्र, पोलादी पट्टी आणि अवघड प्रश्न विचारण्याची तयारी एवढे पुरेसे आहे.

आराखडा कोणत्या देशाच्या कोणत्या नियमासाठी काढला आहे, हे सर्वांत आधी पाहावे. अल्ट्रालाइटचे बहुतेक आराखडे अमेरिकेतले असून ते तिथल्या ‘पार्ट १०३’ या १९८२ पासूनच्या नियमात बसवलेले असतात. या नियमानुसार विमान एका माणसाचे असावे लागते, रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोंपेक्षा कमी असावे लागते, इंधन ५ अमेरिकन गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे १९ लिटरपेक्षा जास्त चालत नाही, सपाट उड्डाणातला वेग ५५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १०२ किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि इंजिनाच्या शक्तीविना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, २४ नॉटच्या आत राहावा, अशी अपेक्षा असते. या चौकटीत बसणाऱ्या विमानाला तिथे नोंदणी लागत नाही आणि उडवणाऱ्याला परवानाही लागत नाही. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ही सवलत मिळते. नाशिक किंवा कोल्हापूरच्या माणसाला मिळत नाही. भारतात विमान नोंदणीशिवाय उडवता येत नाही आणि त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, पायरी चढावीच लागते. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांचे उदाहरण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडले. ते विमान अल्ट्रालाइट नव्हते आणि विकतच्या आराखड्यावरून बांधलेलेही नव्हते. तरीही बांधणी आणि परवानगी ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यावरून नीट कळते. म्हणून भारतात बांधणाऱ्याने अमेरिकी जाहिरातीतले ‘परवान्याची गरज नाही’ हे वाक्य बाजूला ठेवावे आणि ताकदीचे गणित, चाचणीच्या नोंदी व साहित्याची मानके अधिकाऱ्यापुढे ठेवता येतील असाच आराखडा निवडावा.

यानंतर जाहिरातीतल्या आकड्यांची परीक्षा घ्यावी. वजन, पंखाचे क्षेत्रफळ आणि स्टॉलचा वेग हे तीन आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. त्यांतले दोन खरे धरले की तिसरा आपोआप ठरतो. समुद्रसपाटीच्या हवेसाठी हिशेब सोपा आहे. माणूस आणि इंधन धरून भरलेल्या विमानाच्या किलोतल्या वजनाला पंखाच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने भागावे, आलेल्या संख्येला पंखाच्या कमाल उद्वहन गुणांकाने, म्हणजे पंख जास्तीत जास्त किती उचल देतो हे सांगणाऱ्या आकड्याने, भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४ ने गुणावे. उत्तर मीटर प्रतिसेकंदात येते. फ्लॅप, म्हणजे उचल वाढवण्यासाठी पंखाच्या मागच्या धारेला खाली वळणारी पट्टी, नसलेल्या साध्या पंखासाठी हा गुणांक १.५ च्या आसपास धरला तर फारशी चूक होत नाही. समजा, भरलेले वजन २५० किलो आहे, पंख १० चौरस मीटरचा आहे आणि स्टॉलचा वेग २४ नॉट असल्याचा दावा आहे. २५० ला १० ने भागून २५, त्याला १.५ ने भागून १६.६७, वर्गमूळ ४.०८ आणि चौपट १६.३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे जवळजवळ ३२ नॉट. २४ नॉट हवे असतील तर याच वजनाला सुमारे साडेसतरा चौरस मीटरचा पंख लागेल. असा आराखडा समोर आला तर त्यात मोठे फ्लॅप आहेत का ते पाहावे. ते नसतील तर लिहिणाऱ्याने एक तर वजन कमी सांगितले आहे किंवा वेग न मोजताच छापला आहे. एका आकड्यात असा सैलपणा सापडला की बाकीच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा, याचा अंदाज येतो.

आकडे जुळले, चित्रे स्वच्छ आहेत, शेकडो लोकांनी आराखडा घेतला आहे, एवढ्याने काम भागते का? १९३० च्या दशकातल्या फ्रान्समध्ये याचे उत्तर सापडते. आंरी मिन्ये या हौशी संशोधकाने १९३३ मध्ये ‘पू-दु-सिएल’ नावाचे चिमुकले विमान उडवले आणि पुढच्याच वर्षी त्याचा आराखडा पुस्तकरूपाने लोकांच्या हाती दिला. फ्रेंच नावाचा अर्थ ‘आकाशातली ऊ’. इंग्रजांनी तिची पिसू केली. खोके ठोकता येणाऱ्या कोणालाही हे विमान बांधता येईल, असा त्याचा लौकिक झाला आणि फ्रान्स व ब्रिटनमध्ये घरोघरी ते बांधले जाऊ लागले. मागेपुढे बसवलेल्या दोन पंखांपैकी पुढचा पंख काठीने वर-खाली झुकवायचा आणि त्याच्या जोरावर नाक उचलायचे, अशी त्याची रचना होती. थोड्याच काळात माणसे मरू लागली. विमान नाक खाली करून जात असे आणि सरळ होत नसे. अखेर १९३६ मध्ये फ्रान्समध्ये आणि ब्रिटनमध्ये पूर्ण आकाराचे विमान वायुबोगद्यात ठेवून तपासण्यात आले. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की काठी पूर्ण मागे ओढूनही ते वर येऊ शकत नाही, असे तिथे दिसून आले. पुढच्या आणि मागच्या पंखामधली जागा आणि गुरुत्वमध्याचे स्थान यांत दोष होता. बांधणाऱ्यांची चूक नव्हती; आराखडा जसाच्या तसा पाळणारेही त्यात गेले. मिन्ये यांनी पुढच्या विमानांत ही मांडणी सुधारली आणि त्यांच्या पद्धतीची विमाने नंतरही उडत राहिली. पण पहिल्या आराखड्यावर उड्या टाकणाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता.

या घटनेवरून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न ठरतो: हे विमान नेमके कशा-कशातून तपासले आहे? ‘उत्तम उडते’ हे उत्तर धरू नये. स्टॉलपर्यंत नेले होते का, गुरुत्वमध्य सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे ठेवून उडवले होते का, कमाल वेगाला फडफड होते का, आणि पंखावर भार ठेवून पाहिला होता का, यांची उत्तरे वेगवेगळी मागावीत. गुरुत्वमध्याच्या पुढच्या आणि मागच्या मर्यादा आराखड्यात आकड्यांत दिलेल्या असल्याच पाहिजेत. त्या नसतील तर माझ्या मते पुढचे पान उलटण्याचीही गरज नाही.

भारचाचणीचे उत्तर ऐकताना थोडा हिशेब मनात ठेवावा. भरलेले वजन २५० किलो आणि दोन्ही पंखांचे मिळून वजन ४० किलो आहे, आणि विमान ४ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपट भार, सोसते असे लिहिले आहे, असे धरू. पंख उलटा बसवून त्यावर वाळूच्या गोण्या रचतात. पंखांचे वजन वजा जाता उरलेल्या २१० किलोंची चौपट, म्हणजे ८४० किलोंचा भार पेलायचा असतो. उलटा ठेवल्यामुळे पंखाचे स्वतःचे ४० किलो त्याच दिशेने ओढत असतात, म्हणून गोण्या ८०० किलोंच्या लागतात. पन्नास किलोंची एक गोणी धरली तर सोळा, म्हणजे एका बाजूला आठ. त्या मुळाकडे जास्त आणि टोकाकडे कमी अशा रचायच्या, पंखाच्या पुढच्या धारेकडे झुकत्या ठेवायच्या आणि काढल्यावर पंख पहिल्या जागी परत आला पाहिजे, कुठेही कायमचा बाक राहता कामा नये. त्यावर दीडपटीची सुरक्षितता असते. म्हणजे ६ जीला साधारण १२२० किलो, चोवीसेक गोण्या, क्षणभर का होईना पण न मोडता पेलल्या पाहिजेत. ज्याने ही चाचणी खरोखर केली आहे, तो गोण्या किती होत्या, टोक किती खाली आले आणि कोणता भाग आधी कुरकुरला, हे सांगतो. न केलेला माणूस ‘सॉफ्टवेअरवर तपासले आहे’ म्हणतो. सॉफ्टवेअरचा हिशेब वाईट नसतो, पण जोडणीच्या छिद्रात बोल्ट कसा बसला आहे, हे त्याला कळत नाही.

आता प्रत्यक्ष ड्रॉइंगकडे वळू. चांगले विक्रेते नमुन्याची काही पाने आधी दाखवतात; त्यात पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारा कणा, धडाला जोडणारे पान मागावे. याच पानावर आराखडा काढणाऱ्याची खरी कुवत दिसते. त्यात प्रत्येक पट्टीची जाडी आणि मिश्रधातूचा क्रमांक, छिद्राचा व्यास, छिद्रापासून कडेपर्यंतचे अंतर, बोल्टचा मानक क्रमांक आणि नटाला कोणती कुलूपबंदी आहे, हे सगळे लिहिलेले हवे. नुसते ‘३/१६ चा बोल्ट’ असे लिहिले असेल तर ते अपुरे आहे. विमानाचा एएन३ बोल्ट ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्याचे आटे फक्त टोकाला असतात आणि आडवा भार गुळगुळीत भागावर येतो. हार्डवेअरच्या दुकानातला पूर्ण आट्यांचा पाच मिलिमीटरचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण आडवा भार त्याच्या आट्यांच्या खाचांवर पडतो.

आपल्याकडे आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनी आणखी एका बाबतीत जपावे. आपण फर्स्ट अँगल पद्धतीने ड्रॉइंग शिकतो; अमेरिकी आराखडे थर्ड अँगलमध्ये असतात. दोन्हींत बाजूची दृश्ये कागदावर एकमेकांच्या उलट बाजूंना काढतात. त्यामुळे डाव्या बाजूचे दृश्य आपण उजवीकडचे समजून बसतो आणि डाव्या पंखाचा भाग उजव्याचा होतो. पत्र्याच्या गेजचेही तसेच आहे. आपल्याकडे गेज म्हणजे ब्रिटिश गेज. त्यात १६ नंबरचा पत्रा १.६३ मिलिमीटरचा असतो. अमेरिकेत ॲल्युमिनियमसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या गेजमध्ये तोच १६ नंबर १.२९ मिलिमीटरचा होतो. पाव हिश्शाने जाड पत्रा सगळीकडे गेला तर ११५ किलोंची मर्यादा कधीच हातची जाते. विश्वासार्ह आराखड्यात जाडी इंचाच्या दशांशात किंवा मिलिमीटरमध्ये असते; केवळ गेजवर भागवलेले नसते.

रिबचा, म्हणजे पंखाला वक्र आकार देणाऱ्या फासळीचा, साचा पूर्ण आकारात छापलेला असतो, तेव्हा त्याच्या शेजारी मोजणीची रेघ आहे का ते पाहावे. समजा तिथे दहा इंचांची रेघ आहे. छापून आणल्यावर पोलादी पट्टी लावली की ती २५४ मिलिमीटर भरली पाहिजे. झेरॉक्सवाल्याच्या यंत्रावर ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला असेल तर ती २४६ भरते. आठ मिलिमीटरचा फरक कोणाच्या डोळ्यांत येत नाही, पण चौपन्न इंच रुंदीच्या पंखाची रिब त्याच प्रमाणात चार सेंटिमीटरने आखूड होते. रेघ आडवी आणि उभी दोन्ही मोजावी, कारण मोठ्या कागदाची यंत्रे अनेकदा एकाच दिशेने ताणतात. शिवाय जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात कागद दमटपणाने फुगतो. म्हणूनच जाणत्या आराखड्यात साच्याबरोबर रिबच्या वक्राचे बिंदू मिलिमीटरमध्ये किंवा इंचात कोष्टकरूपाने दिलेले असतात, आणि साचा व कोष्टक यांत फरक पडला तर कोष्टक खरे धरायचे असते. ज्या आराखड्यात कोष्टकही नाही आणि मोजणीची रेघही नाही, तो फुकट मिळाला तरी महाग पडतो.

साहित्य इथे मिळते का, हा प्रश्न निवडीच्या वेळीच सोडवावा. अमेरिकेतल्या नळीच्या विमानांत बहुधा ६०६१-टी६ हे ॲल्युमिनियम असते. आपल्या बाजारात ॲल्युमिनियमच्या सेक्शनचे दुकानदार जी नळी पुढे करतात, ती खिडक्या-दरवाजांची ६०६३ असते. तिची चकाकी जास्त असते, पण टी५ या उष्णता-प्रक्रियेच्या अवस्थेतली ताकद ६०६१-टी६ च्या जवळपास निम्मी. दुकानदार फसवत नसतो. त्याला खिडकी विकायची असते. त्यामुळे नळी बनवणाऱ्या कारखान्याचे चाचणीपत्र देणाऱ्या पुरवठादाराशिवाय नळी घेऊ नये आणि असा पुरवठादार सापडेपर्यंत त्या आराखड्याचे पैसे भरू नयेत. वेल्डिंगच्या विमानांना ४१३० पोलादाची पातळ नळी लागते, लाकडी विमानांना सरळ रेषेचे, गाठी नसलेले स्प्रूस किंवा त्याच्या तोडीचे लाकूड आणि विमानाच्या दर्जाचे प्लायवूड. आराखडा काढणाऱ्याने पर्यायी लाकडे आणि त्यासाठी वाढवायचे माप लिहिले असेल, तर त्याने स्वतःच्या अंगणापलीकडचा विचार केला आहे असे समजावे.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकातले कितीतरी आराखडे रोटॅक्सच्या २७७, ३७७ आणि ४४७ या इंजिनांभोवती काढले गेले. ती इंजिने आता बनत नाहीत. दुसरे इंजिन बसवले की वजन, नाकाची लांबी, गुरुत्वमध्य आणि कंपने सगळे बदलते, आणि मग तुम्ही आराखड्याचे विमान बांधत नसता, स्वतःचे बांधत असता. लिओनार्ड मिलहॉलंड यांचा ‘लीगल ईगल’ किंवा हमेल यांचा ‘अल्ट्राक्रूझर’ ही विमाने फोक्सवॅगन बीटलच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे दोन सिलिंडर ठेवून केलेल्या ‘अर्ध्या’ इंजिनावर उडतात. कल्पना सुंदर आहे, पण आपल्या भंगारबाजारात बीटलचे इंजिन सहजी मिळत नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

आराखडा एकदा छापला की संपत नाही. अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांनी आपल्या विमानांचे आराखडे विकताना नियतकालिक वार्तापत्र काढले आणि त्यात बांधणाऱ्यांनी कळवलेल्या चुका, दुरुस्त्या आणि अनिवार्य बदल सातत्याने छापले. ज्याच्याकडे नुसता मूळ गठ्ठा आहे पण वार्तापत्रांचे अंक नाहीत, त्याच्याकडे अपुरा आराखडा आहे. रुटान यांनी १९८५ मध्ये आराखड्यांची विक्री थांबवली. त्यानंतर जुने संच हातोहात फिरत राहिले. अशा संचाबद्दल विचारायचे ते हेच: शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे, तिची नोंद पानावर केली आहे का आणि आज शंका आली तर विचारायचे कोणाला? कुठूनतरी उतरवून घेतलेल्या स्कॅनमध्ये बहुधा हे काहीच नसते, आणि पुष्कळदा कोणाच्या तरी हस्ताक्षरातले एखादे माप खोडून बदललेले असते, ते कोणी आणि का बदलले हे कळायला मार्ग नसतो. शिवाय बहुतेक आराखड्यांबरोबर एकच विमान बांधण्याचा हक्क आणि एक अनुक्रमांक मिळतो; त्या अनुक्रमांकाच्या आधारे आराखडा काढणारा दुरुस्त्या पाठवतो. मिन्ये यांच्या विमानाचे सुधारलेले रूप आधीच्या खरेदीदारांपर्यंत पोहोचणे किती गरजेचे होते, हे आठवले म्हणजे अनुक्रमांकाची किंमत कळते. याउलट आराखडा जुना आहे एवढ्यावरून नाकारूही नये. बर्नार्ड पीटेनपोल यांचे १९२९ चे लाकडी ‘एअर कँपर’ अल्ट्रालाइटपेक्षा मोठे आहे, पण त्याचा आराखडा आजही वापरला जातो, कारण नव्वदहून अधिक वर्षे लोक ते बांधत, उडवत आणि त्यातल्या खोड्या एकमेकांना सांगत आले आहेत.

किती संच विकले, या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. किती विमाने पूर्ण होऊन उडाली, हे विचारावे. पूर्ण केलेल्या दोन-तीन माणसांशी बोलावे आणि त्यांना ‘कसे वाटले’ असे न विचारता ‘तराजूवर रिकामे वजन किती भरले’ आणि ‘कोणता भाग दुसऱ्यांदा करावा लागला’ असे विचारावे. अपघातांच्या सरकारी नोंदीही चाळाव्यात, पण पार्ट १०३ खालच्या विमानांची नोंदणीच नसल्यामुळे अमेरिकी नोंदींत एखादे नाव सापडले नाही, याचा अर्थ ते सुरक्षित आहे असा होत नाही. ब्रिटनमध्ये हौशी विमानांच्या संघटनेने एखाद्या आराखड्याची तपासणी करून त्याला मान्यता दिली असेल, तर ती माझ्या दृष्टीने कोणत्याही जाहिरातीपेक्षा वजनदार शिफारस आहे.

शेवटची निवड स्वतःच्या हातांकडे पाहून करावी. सुतारकाम येणाऱ्याने ‘मिनीमॅक्स’सारखे लाकडी विमान पाहावे, पातळ नळीचे वेल्डिंग येत नसेल तर ‘लीगल ईगल’ मोहक असले तरी वर्षभर शिकण्याची तयारी ठेवावी, पत्रा आणि रिव्हेटची सवय असेल तर ‘अल्ट्राक्रूझर’ जवळचे वाटेल. स्टीव्ह वूड यांचे लाकूड-फोमचे ‘स्कायपप’ अगदी हलके आणि स्वस्त आहे, पण त्यात आयलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या, नाहीत. काठी डावी-उजवीकडे नेली की सुकाणू हलते. नेहमीच्या विमानावर शिकलेल्याला, विशेषतः आडव्या वाऱ्यात, ही सवय नव्याने लावून घ्यावी लागते.

दोन आराखडे उरले की पैसे दोन्हींचे भरावेत. इंजिनाच्या किमतीपुढे ती रक्कम नगण्य असते. महिनाभर दोन्ही वाचून काढावेत, प्रत्येक भागाची यादी स्वतःच्या वहीत उतरवावी आणि अडलेले प्रश्न आराखडा काढणाऱ्याला पत्राने विचारावेत. उत्तर किती दिवसांत आणि किती नेमके येते, याचीही नोंद ठेवावी. मग ज्याच्याकडे मन वळेल त्यातले फक्त सुकाणू बांधावे. त्यात रिब आहेत, स्पार आहे, बिजागरी आहे, कापडही ताणावे लागते, आणि साहित्य फार लागत नाही. पूर्ण झाल्यावर ते घरच्या तराजूवर ठेवावे आणि आराखड्यातल्या वजनाशी ताडून पाहावे. दीड किलो लिहिले असताना अडीच भरले, तर चूक आपल्या गोंदात आणि रंगात आहे की कागदावरच्या आकड्यात, हे शोधून काढेपर्यंत पंखाच्या साहित्याची मागणी नोंदवू नये.